नववीतली मुलं सिगारेट ओढताना सापडली, आता शाळेने काय करायचं?

एका माध्यमिक शाळेतल्या वर्गशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या वर्गातली तीन मुलं मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहामागे सिगारेट ओढताना सापडली. त्यातल्या एकाच्या दप्तरात आंब्याच्या वासाची ई-सिगारेटही निघाली. मुख्याध्यापक दाखला हातात द्या म्हणतात. एका मुलाचे वडील म्हणतात, या वयात सगळेच करतात, सुटेल आपोआप. मला दोन्ही पटत नाही. मी नेमकं काय करू?"

मॅडम, मी सरकारी रुग्णालयात दंतवैद्यक म्हणून काम करते आणि तिथलं तंबाखू मुक्ती केंद्रही बघते. आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं तुमच्या या तिघांच्याच वयाची असतात. तुम्हाला दोन्ही मतं पटत नाहीत, हे बरोबरच आहे. त्यामागची कारणं सांगते, म्हणजे तुम्हाला मुख्याध्यापकांशी आणि त्या वडिलांशी बोलताना उपयोग होईल.

आधी दाखल्याचं. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळेतून काढता येत नाही. नववीला ती आडकाठी नाही, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. पण काढलेलं मूल दिवसभर जाणार कुठे? ज्या टपरीवर त्याने पहिली सिगारेट घेतली तिथेच, आणि आता मधल्या सुट्टीपुरतं नाही तर सकाळपासून. शाळा सुटली की त्याला रोज बघणारी, त्याचा चेहरा उतरलेला ओळखणारी मोठी माणसंही सुटतात. शिवाय उरलेली मुलं यातून एवढंच शिकतात की सापडायचं नाही. पुढच्या वेळी एखाद्याला मदत हवी असली तरी तो तुमच्याकडे येणार नाही.

आता वडिलांचं म्हणणं. "सगळेच करतात" हे खरं नाही. 2019 मध्ये देशभर 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांची जी पाहणी झाली, तिच्यात कुठल्याही स्वरूपात तंबाखू घेणारी मुलं 8.5 टक्के निघाली. 2009 मध्ये हाच आकडा 14.6 होता. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त मुलं तंबाखूला हात लावत नाहीत, आणि दहा वर्षांत प्रमाण बरंच खाली आलं आहे. ही गोष्ट वडिलांना सांगाच, पण त्याहून जास्त वर्गात सांगा. सिगारेट ओढणाऱ्या मुलाला जवळपास सगळेच ओढतात असं मनापासून वाटत असतं, कारण तो ज्या चार-पाच जणांत उभा राहतो ते सगळे ओढत असतात. हा समज मोडला की निम्मी भीड मोडते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. सिगारेट ओढून पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे 38 टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच ओढली होती. तुमची मुलं नववीत सापडली असली तरी सुरुवात पाचवी-सहावीत झाली असू शकते. तेव्हा विचारताना "कधीपासून?" हा प्रश्न वगळू नका.

"आपोआप सुटेल" याचंही तेच. धूर आत घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचतं. विशीच्या मध्यापर्यंत मेंदूची वाढ चालू असते, म्हणून या वयात लागलेली सवय खोल रुजते. रोज ओढायला लागल्यावरच व्यसन लागतं अशी मोठ्यांची समजूत असते. मुलांच्या बाबतीत ते तसं नाही. आठवड्यातून दोन-तीनदाच ओढणारा मुलगाही चिडचिड, अस्वस्थपणा, वर्गात लक्ष न लागणं या तक्रारी सांगतो. त्या तक्रारी कशाच्या आहेत हे त्याला माहीत नसतं. सिगारेट ओढली की बरं वाटतं एवढंच त्याला कळतं, आणि सिगारेटमुळे आपलं टेन्शन जातं असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात ते टेन्शन आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे शांतपणे समजावून सांगितलं तर कळतं. मी रोज सांगते, आणि ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडल्यासारखं दिसतं.

तिघांशी वेगवेगळं बोला. शिक्षककक्षात नको, तिथे येणारे-जाणारे थांबून ऐकतात. मैदानाच्या कडेला किंवा रिकाम्या प्रयोगशाळेत बसा. "का ओढलीस?" असं विचारलंत तर "चुकलं मॅडम, परत नाही करणार" यापलीकडे काही हाती लागणार नाही. त्याऐवजी असं विचारा: पहिली कुणी दिली? आता दिवसातून कितीदा, कुठल्या वेळी? सुट्टीच्या दिवशी घरी असताना मिळाली नाही तर काय होतं? कधी सोडायचं ठरवून सोडता आली नाही असं झालंय का? शेवटच्या प्रश्नाला मुलगा "हो" म्हणाला तर सवय त्याच्या हातात राहिलेली नाही असं समजा आणि त्याला आमच्यासारख्या केंद्रात पाठवा. "कधीतरी मित्रांबरोबर, घरी आठवणही येत नाही" असं म्हणाला तर तुमचं बोलणं आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवणं बहुधा पुरेल. तिन्ही मुलांना एकाच मापाने मोजू नका. एक अडकलेला असतो, एक अडकू पाहत असतो आणि एक फक्त सोबतीला उभा असतो.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा, कारण तो कुणीच विचारत नाही: मावा, खर्रा, गुटखा, तंबाखू-चुना, मिसरी यातलं काही? महाराष्ट्रात तंबाखूचं खरं ओझं धुरात नाही, तोंडात आहे. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, तर तंबाखू खाणारे किंवा दाताला लावणारे 24.4 टक्के. सिगारेटचा वास येतो म्हणून मुलगा सापडतो. माव्याची पुडी गालात ठेवून तो तुमच्या तासाला पहिल्या बाकावर बसला तरी कळत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण मावा आणि खर्रा टपरीवर हाताने घोटून मिळतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून चोळतात आणि त्याच कागदाची गाठ मारून देतात. त्यावर ना कंपनीचं नाव, ना इशाऱ्याचं चित्र.

मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं एकावर एक अशी उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का ते त्यालाच बघू द्या. साधारणपणे जातात. दोनच गेली, किंवा तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते असं तो म्हणाला, तर त्याला उशीर न करता दंतवैद्याकडे पाठवा. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. ताठ झालेला भाग पूर्ववत होत नाही. औषधांनी आणि व्यायामाने थोडं उघडतं, पण मुळात सवय थांबली तरच. त्यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या तोंडात दोन बोटं जाईनात आणि त्याची आई शेजारी बसून "पण हा सिगारेट पीत नाही हो" म्हणत असते, हे मला फार वेळा बघावं लागतं. सुपारी साधी असो वा गोड, तंबाखू नसली तरी ती स्वतःच कॅन्सरकारक आहे. म्हणून सिगारेट सोडायला लावून हातात गोड सुपारी देऊ नका.

ई-सिगारेटबद्दल थोडक्यात. भारतात तिचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात 2019 पासून कायद्याने बंद आहे, त्यामुळे ती कुठूनही घेतली तरी बेकायदाच. दिसायला हायलायटर पेन किंवा पेन ड्राइव्हसारखी असते, वास फळाचा किंवा पुदिन्याचा, म्हणून दप्तरात सहज लपते. "यात फक्त वाफ आणि फ्लेव्हर असतो" असं मुलं खात्रीने सांगतात. बहुतेकींत निकोटिन असतं, आणि ते घशाला टोचत नाही अशा रूपात असल्यामुळे मूल पहिल्याच दिवशी खूप आत ओढू शकतं. तुम्हाला सापडलेली मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून देऊ नका. नोंद करा, पालकांना दाखवा आणि पोलिसांकडे द्या. देताना ती कुठून आली ही माहिती महत्त्वाची, मुलाचं नाव नव्हे. सिगारेटमध्येही आता फिल्टर दाबला की फुटणारी गोळी असलेले प्रकार आलेत. पुदिन्याच्या गारव्याने घसा बधिर होतो आणि खोकला येत नाही. पहिल्या झुरक्याला येणारा खोकला हा शरीराने दिलेला इशारा असतो. ही गोळी तोच काढून घेते, आणि नवख्या मुलांना हेच प्रकार आवडतात.

आता सोडवण्याकडे वळू. आमच्या केंद्रात एक छोटं यंत्र आहे. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीतून सावकाश सोडायचा. पडद्यावर श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. न ओढणाऱ्याचा सहसा पाच-सहाच्या खाली असतो, नुकतीच ओढलेल्याचा दहा-पंधराच्या वर जातो. कॅन्सरची चित्रं बघून मान खाली घालणारा मुलगा हा आकडा बघून मान वर करतो. "हे काय आहे? कमी कधी होईल?" असं स्वतःहून विचारतो. गाडीच्या धुरात असतो तोच हा वायू, रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि एक-दोन दिवस न ओढता राहिलास तर आकडा उतरेल, असं मी सांगते. तो दोन दिवसांनी येतो, फुंकतो आणि आकडा खाली आलेला बघतो. चाळिशीत काय होईल हे पंधराव्या वर्षी डोक्यात शिरत नाही, पण परवाच्या पंधराचा आज चार झालेला त्याला दिसतो. एक लक्षात ठेवा, खाण्याचा तंबाखू आणि ई-सिगारेट या यंत्रात दिसत नाही.

तुमच्याकडे यंत्र नसेल, पण मैदान आहे. आमच्या भागातली निम्मी मुलं भरतीचं स्वप्न बघतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं आणि तिथे काही सेकंदांनी गुण जातात. तुमच्या तिघांपैकी कुणी पळणारा, कबड्डी खेळणारा असेल तर क्रीडाशिक्षकांना सोबत घ्या. आज वेळ लावून पळवा, न ओढता दोन-तीन आठवडे गेल्यावर पुन्हा पळवा. "सिगारेट वाईट" यापेक्षा "तुझा दम परत येतोय" हे वाक्य मुलाला हवं असतं.

सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, भूक, झोप न येणं, अभ्यासात मन न लागणं हे सगळं होतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर मुलगा घाबरतो आणि घरचे म्हणतात, "हा सोडल्यापासून जास्तच बिघडलाय." म्हणून सोडण्याचा दिवस परीक्षेच्या आठवड्यात ठरवू नका. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढी मिनिटं निभावायची: पाणी, जागा बदलणं, चार बडीशेपेचे दाणे, कुणाशी तरी बोलणं. शाळेत ही वेळ म्हणजे मधली सुट्टी, आणि इथे तुमच्याइतकं कुणीच करू शकत नाही. पहिले पंधरा दिवस त्या मुलाला मधल्या सुट्टीत काहीतरी काम द्या. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, खेळाचं साहित्य काढून देणं, फलकलेखन, काहीही. शिक्षा म्हणून नको, विश्वासाने द्या. तिघांना एकाच कामावर मात्र ठेवू नका.

निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवायही. पालक ते आणून देतील. अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय देऊ नका. या वयात मुख्य उपचार बोलणं आणि पाठपुरावा हाच असतो. त्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. सिगारेटच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मुलाने स्वतः फोन करावा, तुम्ही फक्त शेजारी बसा.

मुलांपाठोपाठ टपरीकडे वळा, नाहीतर या तिघांच्या जागी पुढच्या वर्षी दुसरे तीन येतील. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 नुसार अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत, विक्रीच करता येत नाही. अंतर शाळेच्या कुंपणापासून मोजायचं, इमारतीपासून नाही. ही चूक सर्रास होते आणि टपरी नेमकी त्या फरकात बसते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेने ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने आखायची असते. मुलांकडून टेपने मोजून घ्या, रेषा त्यांच्याच हाताने ओढू द्या. राज्यात सप्टेंबर 2020 पासून सुट्ट्या सिगारेटी-बिड्या विकायलाही बंदी आहे, आणि मुलांच्या दृष्टीने मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खाऊच्या पैशांतून कुणी पाकीट घेत नाही, एक सिगारेट घेतो. सुट्टी सिगारेट मिळणं बंद झालं तर सुरुवातच अवघड होते. शिवाय पाकिटाच्या दोन्ही बाजूंना 85 टक्के जागेत छापलेला चित्रासह इशारा सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला कधी दिसतच नाही.

कलम 6 चा दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे. टपरीवाला तो एका दुपारी भरून काढतो. बाल न्याय कायद्याचं कलम 77 मात्र जबर आहे: मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तरी पहिल्याच दिवशी गुन्हा दाखल करायला जा असं मी म्हणणार नाही. टपरीवाला बहुधा गावातलाच असतो, कधी तुमच्याच विद्यार्थ्याचा काका. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन पालकांनी जाऊन कलम 77 शांतपणे वाचून दाखवावं आणि महिन्याची मुदत द्यावी. त्याच जागी वह्या-पेन, वडापाव, चहा विकून तो पोट भरू शकतो. नाही ऐकलं तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाला, पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एकाच तारखेचं लेखी पत्र द्या, मोजलेलं अंतर आणि फोटो जोडून. रस्त्यावरची जागा बहुतेकदा ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची असते, त्यामुळे हलवण्याची खरी ताकद तिथेच असते. तक्रारीत मुलांची नावं, सह्या, साक्ष काहीही नको.

आता जरा अवघड विषय. तुमच्या शिक्षककक्षात कुणाच्या खिशात पुडी आहे का? "जा रे, कोपऱ्यावरून घेऊन ये" म्हणत मुलाला पाठवणारे सर आजही आहेत, आणि घरी आजोबाही नातवाला तसंच पाठवतात. तंबाखूशी मुलाची पहिली ओळख अशी आज्ञाधारकपणातून होते. शाळेच्या आवारात शिक्षक, शिपाई, पालक, पाहुणे कुणालाही तंबाखू चालणार नाही हा नियम आधी मोठ्यांना लावा. आवारात धूम्रपान करणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना 2008 च्या नियमांनी दिलेला आहे. पण सहकाऱ्याला दंड करण्याआधी त्याला सोडायला मदत करा. बिहारमध्ये नवी मुंबईच्या हीलिस या सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्थेच्या सहभागाने शाळाशिक्षकांसाठी असा कार्यक्रम झाला होता. ज्या शाळांत तो राबवला तिथे तंबाखू सोडणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण इतर शाळांच्या दुपटीहून जास्त निघालं. एखाद्या सरांनी वर्गात उभं राहून "मी पण सोडतोय, मलाही जड जातंय" असं सांगितलं तर ते माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त काम करेल.

व्याख्यानावरून आठवलं. कुणी डॉक्टर येऊन कॅन्सरचे फोटो दाखवून गेले म्हणजे काम झालं असं समजू नका. दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर दोन वर्षं एक कार्यक्रम झाला, त्यात चर्चा आणि खेळ मुलांनीच मुलांबरोबर घ्यायचे होते. त्या मुलांत तंबाखूचा वापर वाढला नाही, कार्यक्रम नसलेल्या शाळांत वाढला. मित्राने पुढे केलेली सिगारेट त्याला न दुखावता कशी नाकारायची, याचा सराव करावा लागतो. वर्गात दोघांना उभं करून ते बोलायला लावा. पहिल्यांदा हसतील. तिसऱ्यांदा कुणीतरी "नको रे, परवा मॅच आहे" असं म्हणेल आणि बाकीचे ते उचलतील.

त्या वडिलांना शाळेत बोलावाल तेव्हा मुलासमोर त्यांना दोष देऊ नका. ते स्वतः ओढत असतील तर एवढंच मागा की घरात आणि मुलासमोर ओढायची नाही, आणि त्याला आणायला पाठवायचं नाही. मारहाण करणार नाही हा शब्द मात्र घ्या. मार खाल्लेला मुलगा सिगारेट सोडत नाही, घरी सांगणं सोडतो.

पहिल्या महिन्यात तिघांपैकी एक तरी पुन्हा ओढताना सापडेल, ही तयारी ठेवा. त्या दिवशी "बघा, मी म्हणत होतो" असं कुणीतरी म्हणेलच. बहुतेकांना सोडायला एकाहून जास्त प्रयत्न लागतात, मोठ्यांनाही. मुलाला विचारा की या वेळी किती दिवस जमलं, आणि कुठे, कुणाबरोबर असताना घसरला. नऊ दिवस जमलं असेल तर ते नऊ दिवस वाया गेलेले नाहीत. पुढच्या वेळी ती जागा आणि ती वेळ टाळायची, एवढं ठरवून परत तारीख धरा.

केंद्रात पाठवायचं ठरलं तर तिघांना एकत्र पाठवू नका आणि गणवेशात पाठवू नका. रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर मूल दारातूनच परत जातं. आई, मोठी बहीण, मामा, ज्याच्याशी तो बोलतो असं एकच माणूस सोबत असू द्या. येताना आदल्या आठवड्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाबरोबर ओढली एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायला सांगा. माझं त्याच्याशी पहिलं बोलणं त्या पानावरूनच सुरू होईल.